जॅकवर जीव टांगणीला

रविवारची सकाळ. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सेकंडहँड हॅचबॅक, मोबाइलवर ऑइल चेंजचा व्हिडिओ आणि डिकीतला जॅक. गाडी उचलली की आपला मित्र सरळ खाली सरकतो. ‘दोन मिनिटांचं तर काम आहे यार!’ जॅक घसरायला मात्र एक सेकंद पुरतो.

साधं गणित करू. छोट्या हॅचबॅकचं वजन साधारण ९०० किलो. इंजिन पुढे, म्हणून त्यातलं जवळपास ६० टक्के पुढच्या चाकांवर. म्हणजे एकेका चाकावर २७० किलो. सिमेंटची पाच पोती आणि वर थोडं. गाडीसोबतचा जॅक हे वजन उचलतो, पण ते स्टेपनी बदलण्यापुरतं. खाली माणूस असताना गाडी धरून ठेवायला तो बनवलेलाच नाही. आणि विटा? त्या तर न सांगता फुटतात.

यावरचा उपाय जुना आणि सोपा आहे : लाकडी रॅम्प. वखारीतून दीड इंच जाड, दहा इंच रुंद फळ्या आणायच्या. गाठी, तडे, वाळवी असलेल्या नकोत. सगळ्यात खाली साडेचार फुटांची फळी, वरची प्रत्येक एक फुटाने लहान, असे चार थर. मागची टोकं एका रेषेत ठेवून गोंद आणि स्क्रूने पक्कं करायचं. चाक पुढे जाऊन पडू नये म्हणून वरच्या टोकाला आडवा ठोकळा. झाला सहा इंच उंचीचा रॅम्प! जोडीला मिळून २४ फूट फळी लागते. आत कुठे पोकळी नाही, त्यामुळे वजन थरांतून थेट जमिनीवर जातं.

वापरतानाही शिस्त हवीच. जमीन सपाट आणि पक्की. रॅम्प सरकू नये म्हणून खाली रबरी मॅट. मित्राला बाजूला उभं करून (समोर नाही!) गाडी हळू चढवायची. हँडब्रेक, पहिला गिअर, मागच्या चाकांना ठोकळे. मग गाडी ढकलून बघायची. चाक जागचं हललं तर खाली जायचं नाही. चाकच काढायचं असेल तर रॅम्प चालत नाही, तिथे जॅक स्टँड हवा.

‘एवढं कशाला? गॅरेजवाला आहे ना!’ असं कुणी म्हणेल. पण नाक्यावरच्या कितीतरी छोट्या गॅरेजांत ना पिट असतो ना लिफ्ट. तिथे जॅकवरच्या गाडीखाली सरकतो तो आपल्याच वयाचा पोरगा. आपण पैसे दिले म्हणून धोका संपत नाही, तो त्याच्या छातीवर जातो.

म्हणून एक सुचवावंसं वाटतं. इंजिनिअरिंगच्या फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये सुतारकाम असतं. पोरं घासून घासून लॅप जॉइंट बनवतात, मार्क मिळाले की तो कोपऱ्यात पडतो. त्याच तासांत एका ग्रुपने रॅम्पची एक जोडी का बनवू नये? कापणं, जोडणं, भाराचं गणित, सगळंच शिकून होईल. सरांनी वजन ठेवून ती तपासावी आणि कॉलेजजवळच्या गॅरेजला द्यावी.

तोवर एवढंच करा. पुढच्या रविवारी मित्र जॅकवरच्या गाडीखाली सरकायला लागला, तर त्याला पाय धरून बाहेर ओढा. भांडण झालं तरी चालेल.