दैव, श्रम आणि लोखंडी नांगर

गतांकातील एका पत्रलेखकांनी उद्योगातील यशाचे सारे श्रेय दैवाला देऊन, औंध संस्थानच्या अधिपतींनी कारखान्यासाठी जागा दिली नसती तर नांगरांचे कारखानदार लक्ष्मणराव किर्लोस्कर कोठे असते, असा सवाल केला आहे. सवाल रास्त आहे. त्यावरून काढलेले अनुमान मात्र मला मान्य नाही.

१९१० साली कुंडलनजीक लक्ष्मणरावांच्या वाट्यास आला तो निवडुंगाने व्यापलेला उजाड माळ होता. त्यापूर्वी बेळगावात, लोखंडी फाळाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची दृढ समजूत असताना, त्यांनी लोखंडी नांगर घडविण्यात भांडवल गुंतविले, आणि पहिले नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली. माल पडून असताना धीर न सोडता कारखाना चालू ठेवणे, यालाच मी साहस म्हणतो.

आमच्या घरी असाच एक लोखंडी नांगर होता. फाळ झिजला की वडील बांधावर बसूनच बोल्ट सैल करीत, नवा फाळ बसवीत आणि तासाभरात पुन्हा औत धरीत. ती सोय नशिबाने नव्हे, कोणाच्या तरी अविरत परिश्रमाने निर्माण केली होती.

तितकेच कष्ट करूनही बुडालेले कारखानदार असतात, म्हणून दैवाचा वाटा मी नाकारीत नाही. परंतु राजाश्रयाची अनुकूलता फळाला येते ती आधी लायकी शाबीत केलेल्या माणसाच्याच हाती. उद्योगाची उमेद बाळगणाऱ्या तरुणांस केवळ नशिबाच्या हवाली करणे, हा त्यांच्यावर अन्याय होय.

आपला,
एक वाचक