यंत्राला मराठी येते, आपल्याला येत नाही!

अमरावती-अकोल्याच्या बाजूला अलीकडे एक वाक्य फार बोकाळले आहे. शाळेच्या कचेरीत, ग्रामपंचायतीत, वाचनालयात, पतपेढीत, जिथे म्हणून एखादा दहा-पंधरा वर्षांचा संगणक कोपऱ्यात धूळ खात पडलेला असेल, तिथे ते हमखास कानी पडते. ‘सर, हा डबा जुना झाला. याच्यावर मराठी चालत नाही. नवा घ्या बाप्पा!’ दुरुस्तीवाला पोरगा हे म्हणतो, कारकून माना डोलावतात, मुख्याध्यापक सुस्कारा टाकतात, आणि समितीच्या पुढच्या सभेत ठराव मंजूर होतो : मराठी चालत नसल्यामुळे यंत्र निर्लेखित करण्यात यावे.

वाचकहो, दिवाळीच्या फराळाच्या ताटासमोर कडू बोलू नये, हे मलाही कळते. पण हे वाक्य खोटे आहे. त्यात अर्धे अज्ञान आहे आणि अर्धा धंदा आहे, आणि या दोहोंच्या जात्यात मराठी लेखन भरडून निघत आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. मी संगणकतज्ज्ञ नव्हे, पोरांना बाराखडी शिकवणारा आणि सुट्टीत कादंबऱ्या लिहिणारा मास्तर आहे. परंतु बाराखडी हाच ज्याचा धंदा, त्याने बाराखडीचे हे हाल पाहून गप्प बसायचे काय?

आधी इतिहास पाहा. आज ज्यांना आपण ‘डबा’ म्हणून हिणवतो, त्यांच्या आज्यापणज्यांना मराठी येत होते! कानपूरच्या आय.आय.टी.त १९८० च्या दशकात भारतीय लिप्यांसाठी ‘जिस्ट’ नावाचे तंत्र सिद्ध झाले. पुढे १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने ते वाढवले. संगणकाच्या पोटात एक पत्ता बसवायचा, की काळ्या पडद्यावरच्या त्या डॉसच्या जमान्यातही देवनागरी उमटायची. १९८६ मध्ये सरकारने ‘इनस्क्रिप्ट’ ही कळपाटाची मांडणी ठरवून दिली. १९९१ मध्ये भारतीय मानक संस्थेने अक्षरांचे क्रमांक निश्चित केले, आणि त्याच वर्षी जगातल्या साऱ्या लिप्यांना एका सूत्रात ओवणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यात देवनागरीला १२८ घरांची स्वतंत्र आळी मिळाली. २००० सालच्या विंडोजपासून तर देवनागरी लिहिण्याची सोय यंत्राबरोबर फुकटच येऊ लागली. र. कृ. जोशी यांच्यासारख्या कवी-सुलेखनकाराने घडवलेला ‘मंगल’ हा फॉन्टही तिच्यासोबत आला. म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वी घरात आलेल्या सुनेला आपण अजून पाहुणीच समजतो आहोत!

मग बिघडले कुठे? बिघडले ते आपण धरलेल्या आडवाटेने. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव या जुन्या फॉन्टांनी एक युक्ती केली होती. यंत्राला अक्षर द्यायचे इंग्रजीच, पण त्याच्या अंगावर चित्र चढवायचे मराठीचे. कृतिदेवात ‘मराठी’ हा शब्द यंत्राच्या लेखी ‘इ-जे-के-बी-एच’ असा असतो, आणि ‘दिवाळी’ म्हणजे ‘एफ-एन-ओ-के-जी-एच’! फॉन्ट आहे तोवर दिवाळी. फॉन्ट काढला की हातात उरते एफ-एन-ओ. शिवाय प्रत्येक घराण्याचा क्रम निराळा. एकाची दिवाळी दुसऱ्याच्या घरी शिमगा! त्या काळी दुसरा इलाज नव्हता, आणि या फॉन्टांनी हजारो पुस्तके छापून दिली, हे उपकार मी नाकारत नाही. या घराण्यांनी पुढे युनिकोडचे फॉन्टही काढले. पण नदीवर पूल झाल्यावरही जो डोंगाच वल्हवत बसतो आणि वर ‘नदीला पूर आहे’ अशी ओरड करतो, त्याला काय म्हणावे?

आपण वऱ्हाडातले लोक. कापसाच्या भाषेत सांगतो. जिनिंगमध्ये कापूस गेला की रुई निराळी होते, सरकी निराळी होते. फॉन्ट ही रुई आहे. अंगावर घालायला, मिरवायला. अक्षराचा क्रमांक ही सरकी आहे. तीच पुन्हा पेरता येते. युनिकोडात लिहिलेला मजकूर सरकीसारखा. कुठल्याही यंत्रावर पेरा, मराठीच उगवेल. जुन्या फॉन्टातला मजकूर दुकानातल्या संकरित बियाण्यासारखा. दर हंगामाला दुकानदाराच्या दारी उभे राहणे आले.

आणि या अमरावती जिल्ह्यात तर हे कुणी शिकवायलाच नको. आपल्या रिद्धपुरात तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत हरवली आणि शिष्यांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली, असे परंपरा सांगते. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद केले, ते विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी किल्ली शोधीपर्यंत बाहेरच्यांना वाचता आले नाहीत. पण महानुभावांनी कुलूप लावले ते ठेवा जपण्यासाठी, आणि किल्ली त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. आपण मात्र रोज कचेरीत बसून नवी सकळ लिपी लिहितो आहोत, आणि किल्ली कुणापाशी, तर बंद पडलेल्या एखाद्या दुकानाच्या हरवलेल्या तबकडीत! आमच्या शिक्षकांनी टाईप केलेल्या गावच्या आठवणी, आजीबाईंच्या जात्यावरच्या ओव्या, वऱ्हाडी म्हणींचे संग्रह उद्या कुठला शिष्यगण तोंडपाठ म्हणून दाखवणार आहे?

एका छापखान्याने माझ्या कादंबरीचा मजकूर जुळवून झाल्यावर मला त्याची प्रत दिली. काही वर्षांनी दुसरी आवृत्ती काढायची वेळ आली. तोवर छापखाना उठला होता, आणि माझ्या नायिकेच्या तोंडी होती निव्वळ इंग्रजी मुळाक्षरांची खिचडी. पण कादंबरीचे काय मोठे? शाळा सोडल्याच्या दाखल्यात पोराच्या नावातला रफार उडाला, तर बापाला पुढे तहसिलीत खेटे घालून प्रतिज्ञापत्र करावे लागते. शिष्यवृत्ती अडते, जातीचा दाखला अडतो. मजुरी बुडवून तो बाप जातो. मराठीचा प्रश्न हा सभा-संमेलनांत हार घालण्याचा प्रश्न नाही. तो त्या बापाच्या बुडालेल्या रोजाचा प्रश्न आहे.

तेव्हा ‘चालत नाही’ म्हणणाऱ्याला आधी विचारा, काय दिसते ते सांग. वैद्य नाडी पाहिल्याशिवाय मात्रा देत नाही. पडद्यावर पाच तऱ्हेची लक्षणे दिसतात. नुसते चौकोनी डबे दिसत असतील, तर अक्षरे शाबूत आहेत, फक्त देवनागरीचा फॉन्ट नाही, तो बसवा. इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसत असेल, तर मजकूर जुन्या फॉन्टातला आहे. तो कुठला हे ओळखून परिवर्तकातून युनिकोडात आणा आणि मग मुद्रितासारखा डोळ्यांखालून घाला. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए पुन्हापुन्हा दिसत असेल, तर मजकूर युनिकोडच आहे, यंत्र तो चुकीच्या चष्म्यातून वाचते आहे. काही न बदलता बंद करा आणि उघडताना यूटीएफ-८ निवडा. जोडाक्षरे फुटून पाय मोडल्यासारखी दिसत असतील आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे एखाद्या ठिपक्याच्या वर्तुळाला लोंबकळत असेल, तर यंत्राला जोडाक्षरांची विद्या दिलेली नाही, ती द्या. पण पाचवे लक्षण, ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हे, दिसले तर मात्र ती फाइल गेली. अक्षरे साठवतानाच मारली गेली आहेत, आणि तिथे धन्वंतरीही हात टेकील.

ही पाचवी गत का होते? जुन्या नोटपॅडची मूळ सवय ‘ॲन्सी’ पद्धतीने साठवण्याची आहे, आणि त्या पद्धतीत देवनागरीला जागाच नाही. नोटपॅड बिचारा साठवण्यापूर्वी इशारा देतो, की यातली अक्षरे नष्ट होतील. पण इशारा असतो इंग्रजीत, आणि आपल्याकडे इंग्रजी चौकट दिसली की न वाचता ‘ओके’ दाबायचे, असा कुळाचार आहे! उपाय अगदी साधा आहे. ‘सेव्ह ॲज’ उघडा. तळाशी ‘एन्कोडिंग’ असे लिहिलेले असते. तिथे यूटीएफ-८ निवडा. संपले. २०१९ नंतरच्या विंडोज १० मध्ये नोटपॅडने ही सवय स्वतःच बदलली. यंत्र सुधारले, माणसे मात्र आहेत तिथेच!

एक्सपी असलेल्या यंत्राला जोडाक्षरांची विद्या कशी द्यायची, तेही सांगतो. कारण नुसती टीका करून मोकळे होणारा मास्तर मला आवडत नाही. कंट्रोल पॅनेलात ‘रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’ उघडा. ‘लँग्वेजेस’ या पानावर ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’साठी एक चौकट असते, तिच्यात खूण करा. यंत्र मूळ तबकडी मागेल; ती कपाटातून शोधून काढा. यंत्र पुन्हा सुरू झाले की ‘डिटेल्स’मध्ये जाऊन मराठीचा कळपाट जोडा. मग डावी ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबली की इंग्रजी जाते, मराठी येते. नोटपॅडचा फॉन्ट मंगल ठेवा आणि आकार थोडा मोठा करा. अर्ध्या तासाचे काम, खर्च शून्य. मात्र एक सावधगिरी : एक्सपीची डागडुजी तिच्या निर्मात्यांनी ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली. असे यंत्र इंटरनेटला जोडू नका. त्याला लेखणी म्हणून वापरा, टपालपेटी म्हणून नव्हे. आणि यंत्र याहूनही जुने, विंडोज ९८ चे असेल, तर त्याच्या नोटपॅडकडून युनिकोडची आशा धरू नका. तिथे त्या पोराचे म्हणणे खरे आहे, आणि तेवढे मी मान्य करतो.

यावर आक्षेप येतात. पहिला : ‘आमचे हात टाइपरायटरच्या मांडणीवर बसलेले आहेत.’ मग बसू द्या! टाइपरायटरच्या मांडणीने युनिकोड लिहिण्याची साधने केव्हाच निघाली आहेत. बोटांची सवय आणि अक्षराची साठवण या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसरा : ‘युनिकोडात आमचे मराठी वळण नाही.’ वळण फॉन्टात असते, क्रमांकात नव्हे. आणि मराठीची खास लेणी त्यात मुद्दाम राखलेली आहेत. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला भेद युनिकोडला कळतो. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट आणि जे दाबा, की तो नुक्त्याचा ‘ऱ’ मिळतो. त्याला हलन्त जोडून ‘य’ लिहा, की समोर बल्लवाचार्य उभा. कळत नाही ते आपल्याला, म्हणून निमंत्रणपत्रिकेत मठाच्या आचार्यांना आपण खुशाल भटारखान्यात धाडतो! तिसरा आक्षेप छापखान्यांचा : ‘आमच्या पेजमेकरमध्ये युनिकोड चालत नाही.’ अगदी खरे. पण पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ सालची आहे. एका मेलेल्या साधनाच्या श्राद्धासाठी जिवंत लेखकांनी आपला मजकूर किती वर्षे उकडून द्यायचा?

चौथा आक्षेप तरुणांचा, आणि तो सर्वांत फसवा : ‘आता मोबाइलवर बोलले की मराठी उमटते, हे जुने पुराण कशाला?’ अरे बाबांनो, मोबाइलवर उमटते ते युनिकोडच! तोच मजकूर शाळेच्या संगणकावर आणून ‘ॲन्सी’त साठवला, की उरतात प्रश्नचिन्हे. हातात मोबाइल आला म्हणून बाराखडी चुकत नाही, आणि गाडी आली म्हणून चालायचे कुणी विसरत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच वर्षी आपल्या रिद्धपुरात मराठी भाषेचे विद्यापीठ सुरू झाले. ढोल वाजले, पेढे वाटले. आनंदच आहे! पण विद्यापीठाचा मोठा फलक वर चढवायचा आणि खाली गावोगावच्या कचेऱ्यांत मराठी मजकूर ‘इ-जे-के-बी-एच’ म्हणून कुजू द्यायचा, याला भाषाप्रेम म्हणत नाहीत. त्याला वरून पीतांबर, आतून चिंध्या म्हणतात.

म्हणून माझे मागणे अवजड नाही. लक्ष्मीपूजनाला आपण चोपड्यांची पूजा करतो, कारण त्या उद्या कुणालाही वाचता आल्या पाहिजेत असा त्यांचा धर्म असतो. या वर्षी चोपड्यांबरोबर कोपऱ्यातल्या त्या यंत्रावरची धूळही पुसा. त्यातल्या मजकुराची दुसरी प्रत आधी काढून ठेवा, मग एकेक फाइल उघडून युनिकोडात आणा. मुख्याध्यापकांनी निर्लेखनाच्या ठरावावर सही करण्यापूर्वी वरची पाच लक्षणे तपासावीत. लेखकांनी छापखान्याकडून पुस्तकाबरोबर युनिकोडातला मजकूर मागून घ्यावा, आणि मगच बिल चुकते करावे. आणि नातवंडांनो, तुम्हांला हे पाच मिनिटांत जमते. आजोबांच्या वहीतली चार पाने या सुट्टीत उतरवून द्या, आणि साठवताना तळाशी काय लिहिले आहे, ते एकदा वाचा.