वीस मिनिटं कुणाची?

‘मॅडम, इथून फोर्ट फक्त वीस मिनिटं!’ ब्रोकरने हे वाक्य अर्ध्या तासात सहा वेळा टाकलं. मी मोजत होते. उलवेतला सॅम्पल फ्लॅट, फॉल्स सीलिंग, मॉड्युलर किचन, टेबलावर प्लास्टिकची सफरचंदं. नवरा बाल्कनीत उभा राहून लांबवर बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर वीस वर्षांचे हप्ते आनंदाने भरायला तयार झालेल्या माणसाचं हसू होतं. मला त्या हसूची धास्ती वाटते.

येताना घड्याळ लावलं. मित्राची मागून आणलेली गाडी, अटल सेतू, पुढे शिवडीला ईस्टर्न फ्रीवे. चोवीस मिनिटांत फोर्ट! ब्रोकर खोटं बोलत नव्हता. फक्त तो दिवस रविवार होता आणि वेळ दुपारी तीनची. रविवारी दुपारी तीनला मुंबईत सगळंच वीस मिनिटांवर असतं, बॉस.

आपल्याकडे रस्त्यांच्या नावांचीही गंमतच आहे. ज्यांच्या नावात एक्सप्रेस आहे ते वेस्टर्न आणि ईस्टर्न एक्सप्रेस हायवे म्हणजे रिक्षा, बस, डंपर, सगळ्यांचा मेळावा. खरा फ्रीवे म्हणजे मध्ये सिग्नल नाही, चौक नाही, चढायला-उतरायला ठरावीक जागा. मुंबईत असे रस्ते असावेत हे साठच्या दशकातच विल्बर स्मिथ या अमेरिकन कंपनीने सुचवलं होतं. तेव्हा माझे आजोबा नोकरीला लागले असतील. प्रत्यक्षात मुंबई-पुणे एक्सप्रेस-वे पूर्ण झाला २००२मध्ये, सी लिंक आला २००९मध्ये, ईस्टर्न फ्रीवे २०१३मध्ये. मग २०२४च्या जानेवारीत अटल सेतू आणि मार्चमध्ये कोस्टल रोडचा पहिला तुकडा. चाळीसेक वर्षं ताटकळलेली बस आणि मग एकामागोमाग एक पाच!

सेतू आहे मात्र झकास. एकूण २१.८ किलोमीटर, त्यातले साडेसोळा समुद्रावर. ताशी शंभरची मर्यादा, म्हणजे अख्खी खाडी दहा मिनिटांत पार. शिवडीजवळ फ्लेमिंगोंसाठी आवाज अडवणारे पडदे आहेत आणि बीएआरसीच्या बाजूला नजर अडवणारे. कॉफी प्यायलाही इतका निवांत वेळ मिळत नाही तेवढ्यात तुम्ही मुंबईत असता.

मग मंगळवारी सकाळी पुन्हा गेलो. माझाच हट्ट. टोकन द्यायच्या आधी एकदा वर्किंग डे बघू म्हटलं. चेंबूरहून उलटं उलव्याला जायचं, गाडी वळवायची आणि ऑफिसच्या वेळेला निघायचं. सेतूवर तशीच हवा. फ्रीवेवरही ठीक. आणि मग ऑरेंज गेट. फ्रीवे जिथे संपतो तिथे पी. डिमेलो रोड सुरू होतो आणि तो बिचारा आपल्या जुन्याच रुंदीचा. सेतूवरून आलेले, चेंबूरहून आलेले, सगळे त्याच एका नळीत. समुद्र ओलांडायला दहा मिनिटं आणि शेवटच्या दीड-दोन किलोमीटरला एकतीस. जाम नाहीसा होत नाही, पुढच्या स्टॉपवर जाऊन उतरतो. इथून मरीन ड्राइव्हपर्यंत बोगदा खणायचं काम एमएमआरडीएने हाती घेतलंय ते उगाच नाही.

‘तरी एक तासाच्या आत आलो की,’ नवरा म्हणाला. बरोबर होतं त्याचं. चेंबूरहून लोकलनेसुद्धा त्याला घर ते डेस्क एक तास लागतोच.

मग मी टोलचा हिशेब काढला. सेतू सुरू झाला तेव्हाच्या दराने शिवडी ते उलवे कारला २०० रुपये, येऊन-जाऊन ३००. बावीस दिवसांचे ६,६००. वर पेट्रोल, पार्किंग आणि मुळात कारचा हप्ता, कारण आमच्याकडे कार नाही. आमच्याकडे माझी अ‍ॅक्टिव्हा आहे.

आणि अ‍ॅक्टिव्हा अटल सेतूवर चालत नाही. सी लिंकवर नाही, कोस्टल रोडवर नाही, पुण्याच्या एक्सप्रेस-वेवर तर पहिल्यापासूनच नाही. शंभरच्या स्पीडला दुचाकी नको हे मला पटतं, मरायची हौस मलाही नाही. पण मग मी कशी जायची?

‘तू तर घरूनच लिहितेस ना?’

त्याने हे अगदी सहज म्हटलं. पी. डिमेलो रोडवर, फर्स्ट गिअरमध्ये. मी खिडकीबाहेर बघायला लागले. पुढचा सिग्नल दोनदा लाल झाला तरी आम्ही कुणी बोललो नाही. फ्रीलान्सर म्हणजे दिवसभर नाइट ड्रेसमध्ये बसून लिहिणारी बाई, हे माझ्या सासूबाईंचं मत आहे हे मला माहीत होतं. त्यांच्या मुलाचंही आहे हे नवीन होतं. मुलाखत वांद्र्याला, एडिटर लोअर परळला, प्रेस कॉन्फरन्स आझाद मैदानाजवळ. महिन्यातले पंधरा दिवस मी रस्त्यावर असते. वीस मिनिटं कारची आहेत आणि कार त्याची असणार होती.

गुरुवारी मी त्याला माझ्या रूटने नेलं. भांडण न करता, ‘एकदा चल’ म्हणून. नेरूळ-उरण लाइन २०२४पासून पूर्ण उरणपर्यंत धावते, हे चांगलंच झालं. बामणडोंगरीहून बेलापूर, तिथे उतरून हार्बरची सीएसएमटी. बेलापूरला तो चढला पण बसायला मिळालं नाही. वाशीनंतर पेपर मिटवला. कुर्ल्याला कुणाचा तरी डबा त्याच्या खांद्यात घुसला. दारापासून सीएसएमटीपर्यंत एक तास चाळीस मिनिटं. बेस्टने २०२४मध्ये सेतूवरून एस-१४५ ही एसी बस सुरू केली होती, तिच्या फेऱ्या सुरुवातीला मोजक्याच होत्या. हजारो कोटींच्या पुलावर बसला इतकीच जागा असावी, हे मला अजून कळलेलं नाही.

सीएसएमटीच्या बाहेर चहा पिताना तो म्हणाला, ‘रोज असं?’ मी म्हटलं, ‘नाही रे, मुलाखत असेल तेव्हाच.’ मग त्यालाच हसू आलं. मलाही आलं, जरा उशिराने.

ब्रोकरचा फोन शनिवारी आला. ‘मॅडम, एअरपोर्टही इथलाच! रेट वाढणार, आत्ता बुक करा.’ तेही खरंच असेल. मी विचारलं, स्टेशनला चालत जाता येईल असं काही आहे का? तो क्षणभर थांबला. असा प्रश्न आजवर कुणी विचारलाच नसावा. ‘बघून सांगतो,’ म्हणाला.

चेंबूरच्या घराचं अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेण्ट परवाच रिन्यू केलं. भाडं दोन हजारांनी वाढलं. नवरा कॅल्क्युलेटर घेऊन बसला होता, बावीस गुणिले तीनशेवरून परत सुरू.