परसबागेचे हिवाळी अंदाजपत्रक

ऑक्टोबरच्या पूर्वार्धात नैर्ऋत्य मोसमी वारे महाराष्ट्रातून माघार घेऊ लागतात. आकाश निरभ्र होते, दुपारचे ऊन चटके देते आणि पहाटे मात्र अंगावर पांघरूण ओढावेसे वाटते. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे रब्बीच्या पेरणीचे दिवस. शहरांत आणि तालुक्याच्या गावांत ज्यांच्या घरामागे चार हात जमीन आहे, किंवा जमीन नसली तरी गॅलरीत दहा-बारा कुंड्या व तेलाचे रिकामे डबे आहेत, त्यांचीही या दिवसांत लगबग चालते. पावसात माजलेले गवत उपटायचे, घट्ट बसलेली माती भुसभुशीत करायची, गुलाब छाटायचा, मेथी-पालकाचे वाफे करायचे. ज्या पानावर महागाई, अंदाजपत्रके आणि निवडणुका यांची चर्चा होते, तेथे वाफ्यांना आणि कुंड्यांना जागा कशाला, असे कोणी विचारील. परंतु या लहानशा उद्योगात अर्थशास्त्रातील एक मोठा प्रश्न दडलेला आहे. आपण भांडवल समजून काय सांभाळतो, आणि कचरा समजून काय जाळतो, हा तो प्रश्न होय.

आपला हिवाळा वेगळा

थंड देशांत हिवाळा म्हणजे बागेची अखेर असते. इंग्लंडमधील गृहस्थ हिम पडण्याची चिन्हे दिसू लागली की डेलियाचे कंद उकरून घरात ठेवतो, नाजूक झाडे काचघरात हलवतो आणि वसंताची वाट पाहत बसतो. आपल्याकडे नेमके उलट आहे. डोंगरमाथ्याची काही ठिकाणे आणि उत्तर महाराष्ट्रातील थोड्या रात्री सोडल्या, तर दवबिंदू गोठण्याची भीती येथे नाही. आपला हिवाळा बाग मिटण्याचा नसून उघडण्याचा ऋतू आहे. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधील पुष्पप्रदर्शन जानेवारीत भरते, ते याच कारणामुळे. दिवस लहान होऊ लागले की शेवंतीला कळ्या धरतात. टोमॅटो, कोबी, फ्लॉवर, गाजर, मुळा, वाटाणा या साऱ्यांना मानवते ती हीच हवा.

मात्र ही संधी फार तर पाच-सहा आठवड्यांची असते. गुलाबाचे पाणी आठवडाभर तोडून, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर तिरपा छेद दिला, तर सुमारे दीड महिन्यात नवी फूट फुलांवर येते. धणे रगडून पेरावे लागतात. मेथी महिन्याभरात खुडायला येते. टोमॅटो व कोबी यांची रोपे आधी गादीवाफ्यावर करून मग जागी लावावी लागतात. त्याच वेळी मोगऱ्याचे पाणी कमी करायचे, कारण थंडीत तो विसावतो. हळदीची पाने पिवळी पडू लागली, तरी घाईने कंद काढायचे नाहीत. या सर्व कामांत एक गोष्ट मात्र समान आहे. चार महिन्यांच्या पावसाने मातीतील पोषक द्रव्यांचा बराच भाग धुऊन गेलेला असतो. कारखान्यातील यंत्राची झीज व्हावी तशी ही मातीची झीज होय. तिची भरपाई केल्याविना नवे पीक मागणे म्हणजे घसारा न काढता नफा वाटण्यासारखे आहे.

वहीतील तोटा

काही वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात मी आमच्या बागेचा जमाखर्च वहीत मांडला. अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाला अशी खोड असतेच. बियाणे, रोपे, झारी, खत, मातीची पोती हे सारे खर्चाच्या बाजूला लिहिले. जी भाजी निघाली तिची किंमत त्या त्या दिवसाच्या मंडईतील भावाने जमेच्या बाजूला धरली. पावसाळा सरताना पालेभाजी महाग असते, त्यामुळे पहिली मेथी हिशेबात भरभक्कम उतरली. पण टोमॅटो लागले ते जानेवारीत, म्हणजे मंडईत ढीग पडून भाव उतरलेला असताना. फेब्रुवारीअखेर बेरीज केली तेव्हा बाग स्पष्ट तोट्यात होती.

ती वही मी आईला दाखविली. तिने आयुष्याची बरीच वर्षे तालुक्याच्या गावी परसात भाजी केली होती. हिशेब मात्र कधी लिहिला नव्हता. तिने खर्चाच्या बाजूवर बोट ठेवले आणि विचारले, "माती विकत आणलीस? आणि पाचोळा कुठे गेला?"

मी पुन्हा पाहिले. खर्चातील सर्वांत मोठी रक्कम माती व खत यांचीच होती. आणि पाचोळ्याचे उत्तर मला ठाऊक होते : आमच्या आवारातील बदामाची व इतर झाडांची पाने रोज सकाळी झाडून, कुंपणाच्या कोपऱ्यात जाळली जात होती.

पैशात जे मोजले जाते तेवढेच अर्थशास्त्राला दिसते, ही तक्रार जुनी आहे. आपल्या घरकामवाल्या बाईशी मालकाने लग्न केले की राष्ट्रीय उत्पन्न घटते, ही विसंगती प्राध्यापक पिगू यांनी १९२० साली दाखवून दिली होती. राष्ट्रीय लेख्यांच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार घरी पिकवून घरीच खाल्लेली भाजी हे उत्पादनच आहे. ती शिजविण्याचे श्रम मात्र उत्पादनात धरले जात नाहीत. माझ्या आईने परसात केलेल्या कामापैकी अर्धे काम म्हणूनच शास्त्राला मान्य आणि अर्धे अमान्य. आणि ज्या मातीवर ते सारे उभे होते, तिची जोपासना तर कोणाच्याच हिशेबात नव्हती.

गेल्या वर्षीची पाने

हिवाळ्याची तयारी ऑक्टोबरात सुरू होते असे आपण समजतो. वस्तुत: ती आदल्या हिवाळ्यातच सुरू झालेली असावी लागते. आपल्याकडील बहुतेक झाडांची पानगळ हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालते. ही पाने एका खड्ड्यात किंवा विटांच्या हौदात साठवून, मधून मधून स्वयंपाकघरातील ओला कचरा, थोडी माती आणि शेणकाल्याचा शिडकावा देत गेले, तर पावसाळा संपेपर्यंत काळेभोर, मातीचा वास येणारे खत तयार होते. वाळका पाचोळा व ओला कचरा यांची अशी सांगड घातली की दुर्गंधीही येत नाही. म्हणजे या माघात पडलेले पान पुढच्या आश्विनात उपयोगी पडते. आजचा उपभोग पुढे ढकलून उद्याच्या उत्पादनाची सोय करणे, यालाच आम्ही वर्गात बचत म्हणतो.

आपण काय करतो? पाने जाळतो, अथवा पोत्यांत भरून कचऱ्याच्या गाडीत टाकतो. ओला कचराही त्याच वाटेने जातो. मग ऑक्टोबर आला की रोपवाटिकेतून माती व खत विकत आणतो. ती माती कोठल्या तरी शेताच्या किंवा टेकडीच्या अंगावरून खरवडलेली असते, आणि सुपीक मातीचा इंचभर थर तयार होण्यास शतके लागतात. म्हणजे एकाच वस्तूसाठी आपण तीनदा किंमत मोजतो : ती घालविण्यासाठी पहिली, परत आणण्यासाठी दुसरी, आणि तिसरी किंमत मोजतात ते दुसरेच. मुंबईचा कचरा १९२७ पासून देवनारला पडू लागला. जानेवारी २०१६ मध्ये तेथे लागलेल्या आगीचा धूर अनेक दिवस शहरावर होता. पुण्याच्या कचऱ्याने उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांचे काय झाले, हे तेथील ग्रामस्थांच्या वारंवारच्या आंदोलनांनी सर्वांना सांगितले आहे. आमच्या कुंडीतील मेथीचा खरा ताळेबंद मांडायचा, तर त्यांच्या विहिरीचे पाणीही त्यात धरावे लागेल.

नियम नव्हते असे नाही. केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरा घरातच वेगळा करण्याचे आणि बागेतील पालापाचोळा आपल्या आवारात निराळा साठविण्याचे बंधन घातले. त्याच वर्षी डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास पाच हजार रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजार रुपये भरपाई ठरवून दिली. तरीही सकाळचा धूर निघतच राहिला. त्याचा दोष झाडूवाल्याच्या माथी मारणे सोपे आहे. आवार तासाभरात चकाचक दिसले पाहिजे, एवढीच अपेक्षा आपण त्याच्याकडून करतो आणि पाने ठेवण्यास एक कोपराही देत नाही. त्याच्या हातातील काडेपेटी आपणच दिलेली असते.

दोन आक्षेप

कोणी म्हणेल, ही सुखवस्तू लोकांची चैन आहे. ज्यांना राहण्यास दहा बाय दहाची खोली नाही, त्यांनी बाग कोठे करावी? आक्षेपात तथ्य आहे. भाज्यांच्या महागाईवर परसबाग हा उपाय आहे, असे मी म्हणणार नाही. माझ्या वहीने तो भ्रम दूर केला आहे. पण पाचोळा न जाळण्यास स्वत:ची बाग असावी लागत नाही, आणि त्या धुराचा त्रास सर्वांत आधी उघड्यावर राहणाऱ्यालाच होतो. शिवाय थोड्या जागेची शक्तीही कमी लेखू नये. गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवारा'च्या द्वारे दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचे पोषण हा विचार महाराष्ट्रभर पोहोचविला. त्याच्या मुळाशी पालापाचोळ्यातून घडविलेली जिवंत माती होती.

दुसरा आक्षेप पाण्याचा. ज्या राज्यात उन्हाळ्यात गावोगाव टँकर फिरतात, तेथे हौसेच्या झाडांना पाणी घालावे काय? याचेही उत्तर काही अंशी पाचोळ्यातच आहे. वाफ्यावर पानांचे बोटभर आच्छादन दिले की ओल टिकते व पाण्याच्या पाळ्या कमी होतात. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी चार कुंड्यांना सहज पुरते. आणि ज्या घरी रोज अंगण पाइपाने धुतले जाते, तेथे हा आक्षेप काढण्याचा अधिकार कोणालाही नाही.

काय करता येईल?

उपाय खर्चाचे नाहीत. गृहरचना संस्थांच्या वार्षिक सभेत रंगकाम आणि वाहनतळ यांवर तासन्‌तास चर्चा होते. आवारभर फरशा बसविण्याआधी एक हौद पाचोळ्यासाठी राखण्याचा ठराव तेथे मांडता येईल. नगरपालिकांनी उद्यानांतील पानांचे खत करून ते आश्विनात नागरिकांना माफक दराने द्यावे. आपल्याच झाडांची पाने आपल्याच कुंडीत परत आली, तर कचरा वेगळा करण्याचा उपदेश निराळा करावा लागणार नाही.

शाळांचा विचार विशेष व्हावा. माध्यान्ह भोजनाला जोड म्हणून शाळांत परसबागा कराव्यात, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्राने २०१९ साली दिली. कल्पना उत्तम, पण आपल्याकडे दिवाळीची सुट्टी नेमकी रोपे लावण्याच्या आठवड्यांत येते. सुट्टीत पाणी कोण घालणार, हे आधी ठरले नाही तर उत्साहाने केलेले वाफे शाळा उघडेपर्यंत वाळून जातात आणि बाग केवळ अहवालात उरते. सुट्टीपूर्वी आच्छादन, सुट्टीत पाण्याच्या पाळ्या आणि त्या पाळ्या सांभाळणाऱ्या शिक्षक-शिपायांना बदली रजा, एवढी व्यवस्था करणे मुख्याध्यापकांना अवघड जाऊ नये.

आमच्या आवारात आता विटांचा एक हौद आहे. तो मिळविण्यास दोन वार्षिक सभा लागल्या. डास होतील, साप येतील, इमारतीची शोभा जाईल, असे सर्व काही ऐकून झाले. जमाखर्चाची ती वही मी अजून लिहितो. भाजीच्या बाजूने बाग आजही फारशी फायद्यात नाही. पण मातीच्या विकत घेतलेल्या पोत्यांसमोर गेली तीन वर्षे शून्य आहे. आई आता नाही. असती, तर एवढ्याशा शून्यासाठी पोराला इतके शिकावे लागले, असे म्हणून हसली असती.