गाणे एकटीचे नव्हे

गाणे म्हणजे एकट्याच्या गळ्याचे वैभव, असा एक समज आपल्याकडे दृढ झालेला दिसतो. गायनाचा विषय निघाला की कोणाचा आवाज गोड आणि कोणाची तान लांब, एवढीच चर्चा होते. अनेकींनी मिळून गावे आणि मिळून गाण्यातच त्या गीताची शोभा असावी, हा विचार सहसा कोणाच्या मनास शिवत नाही. आमच्या मते हा समज अपुरा आहे, आणि विद्यालयात तर तो हानिकारकही आहे.

ही गोष्ट आमच्या ध्यानी आली ती एका परदेशी गीतामुळे. जपानमधील एमी व युमी इतो या जुळ्या बहिणींनी ‘द पीनट्स’ या नावाने १९५९ ते १९७५ या काळात गायन केले. त्यांचे १९६३ सालचे ‘कोइ नो बाकान्सु’ हे गीत इतके लोकप्रिय झाले की पुढे ते रशियन भाषेतही गाइले गेले. १९६१ सालच्या ‘मोसुरा’ या चित्रपटात त्या दोन चिमुकल्या पऱ्या झाल्या होत्या आणि तेथे त्या बोलतातही एकाच वेळी! जपानी शब्दांचा अर्थ आम्हांस मुळीच कळला नाही. पण एकीने मूळ चाल धरावी, दुसरीने निराळ्या स्वरात तिची सोबत करावी, आणि ऐकणाऱ्यास दोघींचा मिळून एकच आवाज वाटावा, यातील आनंद शब्दांवाचूनही कळला.

अशा गाण्यासाठी जपानपर्यंत जाण्याचे मात्र कारण नव्हते. बीदर व कलबुर्गी या जिल्ह्यांतील आमच्या गावांत आमच्या आज्या जात्याच्या एकाच खुंट्याला हात घालून समोरासमोर बसत. एकीने ओवीचा पहिला चरण म्हणावा, दुसरीने तो उचलून पुरा करावा. जाते एकटीने ओढणे जसे जड, तशी ओवीही एकटीने गाणे जड! त्यात जपानी गीतासारखा निरनिराळ्या स्वरांचा मेळ नव्हता, हे खरे. पण श्वास एकीचा संपला की दुसरीचा सुरू होई, आणि गाणे कधी तुटत नसे. पंचमीच्या झोक्यावर, फेरात, फुगडीतही हीच रीत होती.

ही रीत किती जुनी असावी? बसवकल्याण, म्हणजे प्राचीन कल्याण, ही चालुक्यांची राजधानी होती. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असे त्यात सांगितले आहे. ज्या ओवीची नोंद आमच्याच जिल्ह्यातील राजधानीत झाली, ती आज आमच्यापैकी किती जणींस येते? पिठाची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले, आणि त्याच्यासवे गाणेही गेले. गिरणी नको असे आम्ही म्हणणार नाही. आज्यांच्या हातांचे घट्टे आम्ही पाहिले आहेत. पण कष्ट गेले म्हणून गाणेही जावे काय?

पुण्याच्या हेमा राईरकर व गी प्वातवँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. या कार्याचे मोल फार मोठे आहे. तथापि संग्रहात गाणे जपले जाते. जगते ते गळ्यातच.

येथे घरची एक गोष्ट सांगावीशी वाटते. गेल्या स्नेहसंमेलनात आम्ही पाच जणींनी पंचमीचे एक गाणे म्हणण्याचे ठरविले. गायनाच्या यादीत मात्र एकाच नावापुरती जागा होती. मग एकीचे नाव गेले, चौघी मागे टाळ्या वाजवीत उभ्या राहिल्या. तिला बक्षीस मिळाले, आणि तिलाच त्याचा संकोच वाटला. कारण त्या गाण्याचे दुसरे कडवे तिला येतच नव्हते, ते मागे उभ्या असलेल्या एका मैत्रिणीच्या आजीचे होते.

कोणी म्हणेल, समूहगानात गुणवत्तेची पारख होत नाही, बेसूर आवाजही लपून जातो. एकट्याच्या साधनेस आम्हीही वंदन करतो. परंतु विद्यालयाचे काम केवळ पारख करणे हे नव्हे. जो आवाज आज लपतो, तोच चौघींच्या आधाराने उद्या सुरात येतो. दुसरीचा सूर ऐकल्याखेरीज आपला सूर लावता येत नाही, हा धडा गणिताइतकाच उपयोगी आहे.

आणि आमच्या सीमाभागात तर तो अधिकच उपयोगी. आमच्या वर्गातील कित्येकींच्या घरी कानडी बोलली जाते. त्यांच्या आज्याही जात्यावर गात. त्या गाण्यांस ‘बीसुव पद’ म्हणतात, आणि त्यांचा छंद त्रिपदी. जाते तेच, जोंधळाही तोच. भाषा तेवढी निराळी!

म्हणून आमची नम्र सूचना अशी की, पुढील संमेलनात समूहगानास स्वतंत्र स्थान असावे. प्रत्येकीने घरच्या वडीलधाऱ्या स्त्रीकडून एक गाणे, मराठी असो वा कानडी, शिकून यावे व ते इतर चौघींस शिकवावे. त्यासाठी ना वाद्यवृंद लागतो, ना ध्वनिक्षेपक. लागते ती एक आजी, आणि तिच्यापाशी बसण्याची सवड. सवड आपणांस काढता येईल. आजी मात्र फार दिवस थांबणार नाही.