उत्तर 'हो' नसतं, 'नाही'ही नसतं, तेव्हा

प्रति,
महासंचालक,
प्रगत संगणन विकास केंद्र, अर्थात सी-डॅक, पुणे



पुण्यात सी-डॅकचं नाव निघालं की अजूनही 'परम' महासंगणकाचा विषय निघतो. मी आज लिहितो आहे ते मात्र सी भाषेतल्या दोन-तीन ओळींबद्दल. ओपन-सोर्स क्रिप्टो लायब्ररींमध्ये मध्येच काही बिघडलं तर पुढे काय करायचं, हे सांगणाऱ्या ओळींबद्दल. त्या वाचायला, तपासायला आणि दुरुस्त करायला आपल्या संस्थेनं एक कायमस्वरूपी गट नेमावा, अशी माझी विनंती आहे.

ओपनएसएसएल या अशाच एका लायब्ररीत डिजिटल सही तपासणारं एक फंक्शन आहे. सही खरी असेल तर ते १ परत करतं, खोटी असेल तर ०, आणि तपासतानाच काही अडलं तर -१. सी भाषेत शून्य सोडून प्रत्येक आकडा 'हो' धरला जातो. त्यामुळे ते फंक्शन वापरणाऱ्यानं 'शून्य आलं का' एवढंच पाहिलं, तर -१ सुद्धा खरी सही म्हणून पुढे जातं. फाटकावरच्या रखवालदाराला भोवळ आली, म्हणजे त्यानं आत सोडलं, असं मानण्यासारखं हे आहे. जानेवारी २००९ मध्ये उघड झालेली चूक नेमकी हीच होती. डीएसए किंवा ईसीडीएसए किल्लीची मुद्दाम वेडीवाकडी बनवलेली सही पाठवली की तपासणी अडे आणि सही मान्य होई. ही चूक ओपनएसएसएलमध्ये होतीच. डीएनएस चालवणाऱ्या बाइंडमध्ये आणि संगणकांची घड्याळं जुळवणाऱ्या एनटीपीमध्येही होती, कारण या मंडळींनीही ते उत्तर तसंच वाचलं होतं.

मार्च २०१४ मध्ये जीएनयूटीएलएस या दुसऱ्या क्रिप्टो लायब्ररीत याच जातीची चूक सापडली. प्रमाणपत्र तपासणाऱ्या फंक्शननं 'हो' किंवा 'नाही' सांगायचं होतं. आत काही अडलं की ते उणे एरर कोड परत करी आणि वरचा कोड त्याला 'हो' समजे. डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा ओपनएसएसएल. यावेळी उणे उत्तरामुळे अ‍ॅप्लिकेशनला भलताच संकेत मिळत होता. बारा वर्षांपूर्वी ज्या प्रकल्पाला याच आकड्यानं चटका दिला होता, तिथेच हे घडलं.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतं ते फेब्रुवारी २०२५ मधलं ओपनएसएसएच या रिमोट लॉगिनच्या साधनाचं उदाहरण. इथे तपासणी फक्त '-१ आलं का' एवढी होती, आणि आतलं फंक्शन तर इतरही उणे कोड परत करत होतं. हल्लेखोरानं मध्ये बसून क्लायंटची मेमरी संपवली की तिसराच कोड येई आणि समोरचा सर्व्हर खरा ठरे. सर्व्हरची ओळख पटवणारी किल्ली (होस्ट-की) डीएनएसमधून पडताळायची सोय चालू असेल तरच हे शक्य होतं आणि ती सोय मुळात बंद असते, हे खरं. पण फ्रीबीएसडी या कार्यप्रणालीत ती २०१३ पासून २०२३ पर्यंत आपोआप चालू असे. ही चूक डिसेंबर २०१४ मध्ये कोडमध्ये शिरली होती. क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना ती सापडेपर्यंत दहा वर्षं ती सगळ्या जगासमोर उघडी पडून होती, आणि तीही सुरक्षेबाबत अतिशय काटेकोर समजल्या जाणाऱ्या प्रकल्पात.

कोड उघडा आहे म्हणून कोणीतरी तो वाचतच असेल, हा भरवसा सोडून द्यायला हवा. काही अडल्यावर कोड ज्या वाटांनी जातो, त्या नेहमीच्या चाचण्यांत चालवल्याच जात नाहीत. चाचणीच्या यंत्रावर मेमरी संपत नाही, म्हणून मेमरी संपल्यावरचा कोड थेट हल्ल्याच्या दिवशीच पहिल्यांदा धावतो. यावर उपाय माहीत आहेत. मेमरीची पहिली मागणी मुद्दाम नाकारायची, मग दुसरी, मग तिसरी, आणि दर वेळी प्रोग्राम कसा वागतो ते पाहायचं. कर्ल आणि एसक्यूलाइट हे प्रकल्प असं करतात. कॉक्सिनेलसारख्या साधनानं एखाद्या फंक्शनचा प्रत्येक वापर शोधून काढता येतो. पण शोधल्यावर तो वाचावा लागतो माणसालाच. पॅच दोन ओळींचा असतो. त्या ओळी बरोबर आहेत हे ठरवायला आठवडा जाऊ शकतो. अशा आठवड्याचे पैसे सहसा कोणी देत नाही. जर्मनीनं २०२२ मध्ये सरकारी पैशातून सॉव्हरिन टेक फंड सुरू केला, तो अशाच पायाभूत कामासाठी.

आपल्यालाच का लिहितो आहे? सी-डॅकची बॉस ही कार्यप्रणाली डेबियन या लिनक्स वितरणावर उभी आहे. ई-हस्ताक्षर ही आपली सेवा, म्हणजे सहीची तपासणी हा आपल्या घरचाच विषय. आणि अ‍ॅक्ट्स या आपल्या प्रशिक्षण शाळेत सिस्टिम्स व सुरक्षा शिकणारी मुलं आहेत. त्यांना हल्ले शिकवण्याइतकंच दुसऱ्याचा कोड शांतपणे वाचायलाही शिकवा.

मात्र एक सावधगिरी हवी. २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएलमध्ये तपासणी-साधनाची तक्रार थांबवण्यासाठी काही कोड काढून टाकला गेला आणि यादृच्छिक आकड्यांचा स्रोत जवळजवळ आटला. एका प्रकारच्या आणि एका लांबीच्या किल्ल्या जेमतेम ३२,००० च्या घरात उरल्या, आणि हे मे २००८ मध्ये कळलं. चांगल्या हेतूनं केलेल्या दुरुस्तीनं हे घडलं. म्हणून आपल्या गटाचा प्रत्येक पॅच मूळ प्रकल्पाकडे जावा, सोबत ती चूक घडवून दाखवणारी चाचणी असावी, आणि मूळ मेंटेनरच्या होकाराशिवाय तो बॉसमध्ये येऊ नये.

सुरुवात लहान असली तरी चालेल. बॉसमधली जी जी पॅकेजेस सही किंवा प्रमाणपत्र तपासणारी फंक्शन्स वापरतात त्यांची यादी करावी, प्रत्येक ठिकाणी शून्य आणि उणे उत्तराचं काय होतं ते लिहून काढावं, आणि ती यादी सर्वांसाठी खुली ठेवावी. ती वाचायला संस्थेबाहेरचेही हात येतील. माझे येतीलच.

आपला,
पुण्यातील एक सॉफ्टवेअर अभियंता