सौरऊर्जेला विरोध नाही, गायरान हिसकावण्याला आहे!

२०२१ मध्ये ग्लासगोत भारताने वचन दिले : २०३० पर्यंत ५०० गिगावॅट बिगर-जीवाश्म वीजक्षमता, २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन. त्याच वेळी श्रीमंत देशांना बजावले, हवा तुम्ही बिघडवली, जास्त भार तुम्हीच उचला. भूमिका रास्त आहे. आमचा प्रश्न एवढाच : हाच न्याय गावाच्या वेशीच्या आत का लागू होत नाही?

वऱ्हाडातल्या भूमिहीन मजुराच्या घरी ना एसी, ना गाडी. पण मे २०२४ मध्ये उष्णतेमुळे अकोल्यात कलम १४४ लावावे लागले, तेव्हा उन्हात राबत होता तोच. म्हणून कोळसा जावा, सौरऊर्जा यावी, हे आम्हालाच सर्वांत आधी हवे आहे.

पण ती येते कशी? 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०'चे लक्ष्य १६,००० मेगावॅट. खासगी जमीनमालकाला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे. शासकीय जमीन मात्र नाममात्र दराने. मग त्या गायरानावर दोन पिढ्या ज्वारी-तूर पिकवणाऱ्याला काय? काहीच नाही! कागदावर तो 'अतिक्रमणदार'. दिवसा वीज मिळेल ती पंपाला, आणि पंप त्याचा ज्याची विहीर.

हे गायरान कुणाची मेहेरबानी नाही. १९५९ आणि १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली आपल्या माणसांनी जमिनीसाठी तुरुंग भरले. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची शेतीची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. २०११ च्या जगपाल सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने गावजमिनींवरची अतिक्रमणे हटवायला सांगितले, पण शासनाच्या अधिसूचनेनुसार भूमिहीन किंवा अनुसूचित जाती-जमातींना पट्टे दिले असतील तर अपवादही ठेवला. हटवण्याचे कलम सगळ्यांना पाठ, अपवादाचे कुणालाच नाही!

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, वीजधोरण त्यांच्याच खात्यात होते. 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत अशी मागणी केली. विजेचे विरोधक आपण कधीच नव्हतो. वीज कुणाच्या मालकीची, कुणाच्या जमिनीवर, हा आपला प्रश्न आहे.

म्हणून तरुणांनो, अमरावती-अकोल्यातल्या प्रत्येक गावात तलाठ्याकडून गाव नमुना १-ई ची नक्कल काढा. दंडाच्या जुन्या पावत्या जपून ठेवा. ग्रामसभेत ठराव मांडा : आधी कसणाऱ्याचा हक्क नोंदवा, मग पॅनेल लावा, आणि भाडे सातबारावाल्याला मिळते तेवढेच त्यालाही द्या.

ग्लासगोत मागितलेला न्याय आम्ही गायरानावर मागतो आहोत. तो भीक नाही, हक्क आहे.

जय भीम! जय संविधान!